विमलताईंची दुसरी चक्कर

मोटार शिकवणाऱ्या माणसाला मोटार चालवायला फारशी मिळत नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण माझी सगळी नोकरी डाव्या सीटवर गेली. धरमपेठेतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी शिकवायचे. आमच्या गाड्यांना डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. स्टिअरिंग मात्र एकच, आणि ते दुसऱ्याच्या हातात. शिकणारा रस्त्याकडे बघतो, मी त्याच्या गुडघ्याकडे बघते. चूक आधी गुडघ्यात होते, रस्त्यावर ती नंतर येते. घाबरलेल्या माणसाचा गुडघा ताठ होतो. तो ताठ झाला, की माझा पाय ब्रेकवर गेलेलाच असायचा.

माणसंही एकेक भेटली. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ हॉर्न वाजवला की दर वेळी समोरच्याला "सॉरी हं" म्हणायचे, तेही काच बंद असताना. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई सिग्नल हिरवा झाला तरी हलायच्या नाहीत. मागचे सगळे निघून गेले की मग त्या शांतपणे निघायच्या, तोवर सिग्नल पुन्हा लाल. दोघंही पुढे छान चालवायला लागले. गाडी सगळ्यांना येते. फक्त काहींना ती हातातून येते आणि काहींना डोक्यातून, एवढाच फरक.

मला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझ्याकडे निम्म्याहून जास्त बायका शिकायला यायच्या. नेटानं शिकायच्या, लायसन्स काढायच्या, पेढे आणून द्यायच्या. वर्षा-दोन वर्षांनी बाजारात भेटल्या की मी विचारायचे, "गाडी कुठं लावली?" त्या मागे बोट दाखवायच्या. गाडीत नवरा बसलेला असायचा, चाकामागे. कोणी म्हणायचं, "हे असताना मी कशाला?" कोणी म्हणायचं, "तुमच्यासोबत यायची हो, एकटीनं हिंमत होत नाही." मी मनातल्या मनात त्यांना मोजणं कधीच सोडून दिलं. पण एवढ्या बायकांनी शिकलेलं ते चालवणं जातं कुठं, हा प्रश्न काही सुटला नाही.

निवृत्त झाले तेव्हा शाळेची एक जुनी गाडी, दोन्हीकडच्या पेडलांसकट, मीच घेऊन टाकली. मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत ती उभी असायची. त्याच सुमारास एक दिवस फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, पण खणखणीत.

"मॅडम, तुमच्या हातचे शिकलेले लोक गिअर घासत नाहीत म्हणे. खरं आहे का?"

"बहुतेक नाही घासत."

"मग आमच्या घरी या. बायकोले गाडी शिकवायची आहे. गाडी ॲम्बॅसिडर आहे, जुनी. आधीच सांगून ठेवतो."

हे मनोहरराव. मूळ भिवापूरचे, घराण्याचा मिरचीचा व्यापार, आता मुलांवर सोपवून धरमपेठेत राहायचे. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा शहरात एक क्लब आहे. तो ज्या तीन-चार जणांनी सुरू केला, त्यांतले आता हे एकटेच उरले होते. त्या हिवाळ्यात क्लबला पंचवीस वर्षं होत होती. शहराबाहेर एका हौशी माणसानं शेतजमिनीवर छोटा रेसचा ट्रॅक बांधला आहे, तिथं समारंभ ठरला होता. सगळ्या जुन्या गाड्या ट्रॅकवरून एक चक्कर मारणार आणि सर्वांत पुढे मनोहररावांची ॲम्बॅसिडर. पण मनोहररावांना काचबिंदू झाला होता. समोरचं दिसायचं, बाजूचं गेलं होतं. डॉक्टरांनी गाडी बंद केली होती.

हे सगळं त्यांनीच सांगितलं. विमलताई सोफ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पासष्टी ओलांडलेली बाई, ठेंगणी, हसरी. तासाभरात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, नवऱ्याची हौस आणि बायकोच्या गळ्यात घोंगडं. असे शिकाऊ मी पुष्कळ पाहिले होते, ते शिकत नाहीत. मनोहरराव गाडीचे कागद आणायला आत गेले तसं मी हळूच विचारलं, "विमलताई, तुम्हाला शिकायचं आहे की त्यांना शिकवायचं आहे?"

त्यांनी दाणे बाजूला ठेवले.

"खरं सांगू का, मॅडम? या माणसाले घरात चहा थोडा थंडा झाला तरी चालत नाही. अन् गाडीत बसले का, रस्ता जाम असो, ऊन असो, गाणे म्हणून राहिले असतात. मी बाजूले बसून इतके वर्षं पाहून राहिली. त्या चाकामागे काय असते असं, ते मले एकदा पाहायचं आहे."

शिकायला येण्याची पुष्कळ कारणं मी ऐकली होती. मुलाची शाळा, नवऱ्याची बदली, सासऱ्यांचं डायलिसिस. हे कारण पहिल्यांदाच ऐकलं. मी दुसऱ्या दिवसापासून शिकवायला सुरुवात केली.

आधी माझ्याच गाडीवर शिकवलं. मनीषनगरच्या पुढे नवे लेआउट पडलेत, रस्ते झालेत आणि घरं अजून व्हायची आहेत, तिथं. विमलताईंना उंचीसाठी खाली उशी लागायची. गुडघा मात्र एकदा ताठ झाला नाही. अडचण दुसरीच होती. घरात गप्प असलेली ही बाई चाकामागे बसली की अखंड बोलायची. बोलताना माझ्याकडे वळून बघायची आणि गाडीही माझ्याकडे वळायची. सुनेचं बाळंतपण, मिरच्या वाळवायची पद्धत, शेजारणीचं कुत्रं. मी म्हणायचे, "विमलताई, समोर बघा." त्या म्हणायच्या, "हाव, बघून राहिली ना," आणि पुन्हा माझ्याकडे वळायच्या.

लायसन्सच्या परीक्षेत पहिल्यांदा त्या रिव्हर्समध्ये नापास झाल्या. घरी येऊन मनोहररावांना म्हणाल्या, "तुम्ही मले कधी मागे बघू दिलं का? सवय कशी असन?" दुसऱ्यांदा पास झाल्या. मग ॲम्बॅसिडर गॅरेजमधून बाहेर निघाली.

ही गाडी ज्यांनी चालवली नाही त्यांना सांगायला हवं. गिअर खाली नसतो, स्टिअरिंगच्या दांड्याला बाजूनं असतो. स्टिअरिंग जड, वळवायला खांदे लागतात. ब्रेकवर पाय ठेवून भागत नाही, त्यावर उभं राहायचं. आणि माझ्या बाजूला काहीच नाही. हँडब्रेकसुद्धा त्यांच्या बाजूला, डॅशबोर्डखाली, माझा हात पोचणार नाही असा. इतकी वर्षं शिकवलं, पण पायाखाली ब्रेक नसलेल्या गाडीत शिकाऊ माणसाशेजारी मी कधी बसले नव्हते. पहिल्या दिवशी मी सीटपुढे उगाच पाय दाबून पाहिले.

मनोहरराव मागच्या सीटवर बसले. गाडी सुरू झाल्यापासून त्यांचं चालू.

"क्लच दाब. अवं, दाब ना! आता सोड. हळू! दुसरा टाक, दुसरा! आवाज ऐकून राहिली का तू?"

लेआउटच्या मधोमध विमलताईंनी गाडी थांबवली. अगदी नीट, बाजूला घेऊन.

"उतरा."

"काय?"

"मी गाडी चालवू का तुमचं ऐकू? दोन कामं नाही होत मले."

 मनोहरराव उतरले आणि एका बाभळीखाली हात मागे बांधून उभे राहिले. आम्ही फेऱ्या मारू लागलो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला माझ्या लक्षात आलं, की आम्ही बाजूनं येतो तेव्हा ते वळत नाहीत. गाडी अगदी नाकासमोर आली की मगच दचकून हात वर करतात. त्यांनी मला जे सांगितलं होतं त्याच्यापेक्षा खूपच कमी दिसत होतं त्यांना.

मी काही म्हणायच्या आत विमलताई बोलल्या. या वेळी समोर बघून.

"तुमच्या लक्षात आलं नं? त्यांच्या मनात काय आहे, मले माहीत आहे. मले शिकवून राहिले ते लोकांले दाखवाले. त्या दिवशी ते सोताच बसणार. म्हणतात, ट्रॅकवर समोरून कोण येऊन राहिलं? सरळ तं दिसते."

"आणि क्लबवाले? त्यांतलं कोणी मनोहररावांना काही बोलत नाही?"

"कोण बोलन? सगळे त्यांच्यासमोर लहानाचे मोठे झाले."

मी त्या संध्याकाळी क्लबच्या सेक्रेटरीला गाठलं. पराग नाव, दातांचा डॉक्टर, चाळिशीतला सरळ माणूस. त्याला सगळं ठाऊक होतं. "ताई, मी नियम म्हणून कागदावर विमलकाकूंचं नाव घातलंय," तो म्हणाला, "पण काका त्या दिवशी सीटवर बसले तर त्यांना उठवणार कोण? मला पहिली गाडी त्यांनी शिकवली. माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही." आणि तो खोटं बोलत नव्हता. त्यानं एवढं मात्र कबूल केलं, की ट्रॅकवर वाट दाखवायला सर्वांपुढे एक पायलट गाडी ठेवू आणि ती अगदी हळू चालवू. पण मागे तीसेक गाड्या असणार होत्या, त्यांत लोकांची मुलंबाळं बसणार होती. वळणावर मनोहरराव भलतीकडे गेले असते तर मागच्यांनी काय करायचं?

समारंभाच्या आदल्या दिवशी मी एकटीच ट्रॅक बघायला गेले. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. मी आयुष्यभर जे शिकवलं ते सगळं दुसऱ्यांबद्दल होतं. समोरून येणारा, बाजूनं घुसणारा, अचानक आडवी येणारी गाय, बॉलमागे पळत येणारं पोर. इथं यातलं काहीच नाही. सिग्नल नाही, स्पीडब्रेकर नाही, डिव्हायडर नाही. नुसता रुंद काळा रस्ता, वळणांच्या कडेला लाल-पांढरे पट्टे, आणि तो फिरून फिरून आपल्याचकडे येतो. तिथल्या मॅनेजरनं मला पायी एक फेरी मारू दिली. मी त्याला विचारलं, "इथं माणसाला शिकवायचं काय?" तो म्हणाला, "वळणाच्या आधी ब्रेक, वळणात काही नाही, वळण संपलं की गॅस. बस, एवढंच." घरी येताना मी विमलताईंकडे थांबले आणि तेवढंच सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाटी फिरवून ते वळण दोनदा करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवर तर्री-पोह्यांचा वास आणि पेट्रोलचा वास एकात एक मिसळला होता. गाड्या ओळीनं लागल्या होत्या. कोणाच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा, कोणी अजून फडक्यानं पुसतोय. विमलताई सुती साडी खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या. मनोहररावांनी कोट घातला होता आणि गाडीची किल्ली त्यांच्या खिशात होती.

परागनं माईकवरून घोषणा केली. विमलताई पोह्यांची प्लेट ठेवून हात धुवायला गेल्या. तेवढ्यात मनोहररावांनी दार उघडलं आणि ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ.  पराग माईक हातात धरून नुसता उभा. मी डाव्या दाराशी होते. मी म्हटलं, "मनोहरराव, कागदावर विमलताईंचं नाव आहे."

"एकच चक्कर आहे, मॅडम. पंचवीस वर्षांचा हा दिवस आहे. मी चालवतो, तुम्ही बाजूले बसा."

तोवर विमलताई परत आल्या होत्या. त्यांना काय झालं ते एका नजरेत कळलं. मला वाटलं, त्या लेआउटवर जशा बोलल्या तशा बोलतील.  पण त्या शांतपणे गाडीला वळसा घालून आल्या आणि मनोहररावांच्या खिडकीला लागून उभ्या राहिल्या. इतक्या जवळ, की त्यांचा पदर मनोहररावांच्या कोपराला लागत होता. आणि तशाच उभ्या राहिल्या.

मनोहररावांनी समोर पाहिलं, मग माझ्याकडे मान वळवली, मग पुन्हा समोर.

"विमल कुठं गेली? तिले म्हणा, मागं बस. निघायचं आहे."

 सगळ्यांना विमलताई दिसत होत्या.

"विमल?" त्यांचा आवाज जरा वर गेला. "काहून वेळ लावून राहिली ही?"

"मी इथंच आहे," विमलताई अगदी हळू म्हणाल्या. "तुमच्या जवळ."

मनोहररावांनी पूर्ण मान वळवली तेव्हा कुठं त्यांना बायकोचा चेहरा दिसला.  त्यांना समजलं होतं, ती केव्हापासून तिथं उभी होती. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले, किल्ली तिच्या हातात दिली आणि उतरले. परागनं हात पुढे केला, तो त्यांनी धरला. मागच्या सीटवर बसायला मात्र त्यांनी नकार दिला. "मी कठड्याजवळ उभा राहतो," एवढंच म्हणाले.

पहिली चक्कर सांगण्यासारखी नाही, आणि याचाच मला आनंद आहे. पायलट गाडी पुढे, तिच्यामागे आम्ही, आमच्यामागे सगळी वरात. विमलताई नेहमीसारख्या बोलत होत्या. "ते पाहा, पराग हात करून राहिला. यांचा कोट किती गरम होत असन, नाही?" गिअर एकदाही घासला नाही. ट्रॅकच्या शेवटी डावीकडे आत जायचा रस्ता होता, तिथं एक माणूस झेंडा घेऊन उभा होता. पायलट गाडी आत वळली.

आम्ही वळलो नाही.

"विमलताई, आत जायचं होतं," मी म्हटलं.

"हो. थांबा ना, मॅडम."

मी मागे पाहिलं. आमच्या पाठोपाठ दोन गाड्या भाबडेपणानं आल्या होत्या, मग त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या बिचाऱ्या बाजूला उभ्या राहिल्या. समोर सरळ लांब पट्टा होता आणि त्यावर कोणीही नव्हतं. विमलताईंनी गिअर बदलला. मग शेवटचा टाकला. जुन्या इंजिनाचा आवाज बदलला, काचा थरथरायला लागल्या. स्पीडचा काटा कितीतरी वर्षांपूर्वी मेलेला, म्हणून आम्ही किती वेगात होतो ते कोणालाच माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की मी दाराचं हँडल घट्ट धरलं होतं आणि विमलताई बोलायच्या थांबल्या होत्या. माझ्याकडे वळून बघणंही बंद. वळण जवळ येऊ लागलं. मी "ब्रेक" म्हणायला तोंड उघडलं तोच त्या ब्रेकवर उभ्या राहिल्या. गाडी नाक खाली घालून दबली, लाल-पांढरे पट्टे डावीकडून सरकत गेले, खांदे लावून त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि रस्ता सरळ झाल्याबरोबर पुन्हा गॅस. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नवीन घर बघायला गेलेली बाई एकेक खोली उघडून पाहते ना, तसा चेहरा होता.

दुसऱ्यांदा मात्र त्या मुकाट्यानं आत वळल्या. कठड्याजवळ मनोहरराव उभे होते. सगळे टाळ्या वाजवत होते, ते नव्हते. विमलताई उतरून त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या, त्यांना दिसतील अशा.

"काहून थांबली नाही वं?" त्यांनी विचारलं. आवाज रागाचा होता की दुसरा कसला, मला कळलं नाही.

"तुम्ही कधी सांगितलंच नाही मले," विमलताई म्हणाल्या.

"काय सांगितलं नाही?"

"की असं असते म्हणून."

मनोहररावांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "सांगून समजलं असतं का तुले?" आणि वर, "पट्ट्यावर तू वरचा गिअर उशिरा टाकला. ऐकलं मी."

"मग पुढच्या वेळी बाजूले बसून सांगा. मागं नाही, बाजूले."

तिथं हसू आलं त्यांना. मी आजवर अनेकांना पास होताना पाहिलं, पण त्या दिवशी कोण पास झालं ते मी कधी ठरवू शकले नाही.

त्यानंतर दीडेक महिना काही खबर नव्हती. मला वाटलं, झालं, विमलताईंचंही लायसन्स कपाटात गेलं असेल. आणि एके दिवशी फोन आला. खुद्द विमलताई.

"काय करून राहिल्या? भिवापूरले जायचं आहे, मिरची आणाले. येता का?"

"विमलताई, तुम्हाला आता सगळं येतं. मी येऊन काय शिकवू?"

"शिकवाले नाही वं, बसाले!"

मॅडमची मी एकदम "वं" झाले होते. मी तयार झाले. सोसायटीच्या फाटकाशी ॲम्बॅसिडर उभी होती. मनोहरराव पुढे बाजूला बसलेले, गुडघ्यावर टोपी. मला मागे जागा दिली. उमरेड रोडला लागेपर्यंत ट्रकांची गर्दी होती. विमलताई गप्पा मारत होत्या आणि मनोहरराव मधूनमधून "आता तिसरा" वगैरे म्हणत होते. त्यांचं त्या कधी ऐकत होत्या, कधी नाही. मग दोघांचं कशावरून तरी जुंपलं, सुनेच्या माहेरची कुठली तरी गोष्ट, आणि त्यातच मनोहररावांनी एक गाणं सुरू केलं. त्याचे शब्द विमलताई चुकवायच्या आणि ते सुधारायचे.

दुसरा माणूस गाडी चालवत असताना माझे डोळे कधी मिटत नसत. बसमध्ये नाही, मुलाच्या गाडीत नाही. धंद्यानं दिलेली खोड. उमरेड मागे पडलं एवढं मला आठवतं. नंतरचं नाही.

जाग आली ती शिंकेनं. खिडकी उघडी होती आणि हवेत नाकाला झोंबणारा मिरचीचा खाट भरला होता. पुढच्या दोन्ही सीट रिकाम्या, बाहेर अंगणभर लाल मिरच्या पसरलेल्या आणि ते दोघं वाकून त्यांतल्या निवडत होते. भिवापूर आलं होतं, आणि गाडी केव्हा थांबली ते मला कळलंसुद्धा नव्हतं.